चौदा रकाने

३ डिसेंबर १९३२

कुत्रं चावलं! डाव्या पोटरीला.

आज चंपाषष्ठी. कुळदैवत म्हणून शेजारच्या बाळे गावी खंडोबाच्या दर्शनाला गेलो होतो. जत्रा तुफान. येळकोट येळकोट करीत जो तो मुठीमुठीनं भंडारा उधळत होता – माझा कोट पिवळा, टोपी पिवळी, चष्म्याच्या काचासुद्धा पिवळ्या. दिवेलागणीला टांग्याच्या अड्ड्याकडे निघालो. मी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. एवढ्यात समोरून कुत्रं आलं, चावलं आणि सरळ निघून गेलं. हातातला प्रसादाचा रोडगा खाली पडला, त्याला तोंडसुद्धा लावलं नाही! म्हणजे भुकेनं चावलं असंही नाही. मग माझ्याशी त्याचं काय वाकडं होतं?

विसरायच्या आत वर्णन टिपून ठेवतो. रंग तांबूस. बांधा मध्यम. कपाळावर भंडारा. याहून जास्त दिसलं नाही, कारण मी डोळे मिटले होते.

घरी आलो तर मथुराआत्यानं जखमेत लाल तिखट भरलं. 'अरे चिंतू, विष जळून जातं.' विषाचं माहीत नाही. मी जळालो.

४ डिसेंबर

रविवार. आत्याचा हट्ट – कुत्रं चावलेल्यानं सात विहिरींत डोकावायचं, म्हणजे विष पाण्यात उतरतं. बेचाळीस वर्षांचा मी, कचेरीतला रेकॉर्ड कारकून, लंगडत लंगडत आत्याच्या मागून पेठापेठांतल्या विहिरी शोधत हिंडलो. चौथ्या विहिरीत टोपी पडली. पाचवी एका पद्मशाली विणकराच्या अंगणात. घरातल्या बाईनं तेलुगूत काहीतरी विचारलं, आत्यानं मराठीत उत्तर दिलं, मग दोघींनी माझ्याकडे पाहून एकदमच मान हलवली.

सातवी काही सापडेना. म्हटलं, सहावीतच पुन्हा डोकावतो. आत्या भडकली – 'देवाला फसवतोस?' खरं सांगायचं तर मलाही ते पटलं नाही. सात म्हणजे सात. एकवीस वर्षं दप्तर सांभाळलेला माणूस सहावर सातवा आकडा कसा टाकणार? पार रेल्वे लायनीपर्यंत चालत गेलो तेव्हा सातवी मिळाली. तिच्यात पाणी नव्हतं. आत्या म्हणाली, चालतं.

घरी बायको, गोदा, दारातच उभी. 'विहिरी झाल्या असतील, तर आता डॉक्टरकडे जाल का?'

५ डिसेंबर

सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जखमेतलं तिखट पाहून कपाळाला हात लावला. 'पोटरीची भाजी करायची होती का?' मग कार्बोलिकनं धुतलं. विचारलं, कुत्रं कुठं आहे? म्हटलं, मला काय माहीत, त्यानं पत्ता दिला नाही.

'शोधा. बांधून ठेवा. खायला-प्यायला घाला आणि त्याच्यावर नजर ठेवा. पिसाळलेलं कुत्रं दहा दिवस काढत नाही. हे दहा दिवस जगलं तर तुम्हाला धोका नाही. तोवर लस सुरू करू. रोज एक सुई, चौदा दिवस. पोटात.'

पोटात!

'आणि कुत्रं पिसाळलेलं निघालं तर?'

'तर चौदाच्या चौदा. तेरा चालायच्या नाहीत.'

'आणि नाहीच घेतल्या तर?'

डॉक्टर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, पाण्याची भीती वाटायला लागते. घोट गिळता येत नाही. तिथून पुढे औषध नाही, कुणाकडेच नाही. मी फार घाबरलो. हे शेवटचं घरी सांगणार नव्हतो, पण गोदानं चेहरा पाहून काढूनच घेतलं.

आमच्या कचेरीतला शिपाई मायाप्पा राहायला बाळ्याला. त्याला वर्णन लिहून दिलं. त्याला वाचता येत नाही हे मागाहून लक्षात आलं, मग तोंडी सांगितलं. संध्याकाळी कुत्रं घेऊन हजर! 'ह्योच की सायेब. समदं गाव पालथं घातलं. तांबडी कुत्री लई हायती, पर कपाळाला भंडारा ह्या एकाच्याच.'

अंगणात रीतसर पंचनामा केला. रंग तांबूस – जुळतो. बांधा मध्यम – जुळतो. कपाळावर भंडारा – जुळतो. खाली सही माझी, साक्षीला मायाप्पाचा अंगठा. आरोपी शेपूट हलवत होता.

६ डिसेंबर

मुंबईहून रेल्वेनं लस आली. माझ्या नावानं चौदा कुप्या. पहिली टोचून घेतली. सुई कसली, गोणपाट शिवायचं दाभण! ओरडलो नाही. गोदा म्हणते, बाहेर ऐकू आलं.

माझ्याबरोबर जेऊरचा एक शेतकरी आहे, कुंडलिक. त्यालाही आजपासूनच. धर्मशाळेत उतरला आहे. त्याला चावलेलं कुत्रं गावकऱ्यांनी तिथल्या तिथं ठेचलं. 'आता कोन सांगनार, ते पिसाळल्यालं व्हतं का न्हाय? तुमचं बरं हाय सायेब. तुमचं कुत्रं जित्तं हाय.' कधी नव्हे तो आपल्या कुत्र्याचा अभिमान वाटला.

दोघांना एकेक कार्ड मिळालं. आडवे चौदा रकाने, रोज एकात डॉक्टरांची सही. एक भरला, तेरा रिकामे. रिकामा रकाना दिसला की माझ्या जिवाला चैन पडत नाही. कचेरीत यावरून माझी चेष्टा होते. होऊ दे!

७ डिसेंबर

सकाळी तांब्याभर पाणी प्यालो. भीती वाटली नाही. ही नोंद रोज करायची.

दुसरी सुई.

८ डिसेंबर

पाणी प्यालो. हरकत नाही.

डॉक्टरांना विचारलं – रोज एक कशाला? चौदा एकदमच टोचा आणि मोकळे व्हा. आज डॉक्टर रंगात होते. म्हणाले, हे विष इतकं बारीक की सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही, चिनीमातीच्या गाळणीतूनसुद्धा आरपार जातं. चावल्या जागेवरून ते मज्जातंतूच्या वाटेनं मेंदूकडे निघतं. हळूहळू. महिना, दोन महिने, कधी त्याहून जास्त. रक्तात हिंडत नाही, म्हणून शरीराला पत्ताच लागत नाही. लशीत तेच विष, पण मारलेलं. ते कातडीखाली गेलं की शरीराच्या नजरेस पडतं. शरीर त्याची ओळख करून घेतं आणि त्याच्यावर उतारा तयार करायला लागतं. उतारा आधी तयार झाला तर आपण जिंकलो, विष आधी मेंदूत पोचलं तर हरलो. 'शर्यत आहे, चिंतामणराव. पोटरी डोक्यापासून लांब, हे तुमचं नशीब. तोंडाला चावलं असतं तर मला घाम फुटला असता.'

मला हे ताबडतोब समजलं. शरीर म्हणजे आमची कचेरी! चोर मागच्या बोळातून चालला आहे आणि वर्दी कुणालाच नाही. पहिली सुई म्हणजे पहिला अर्ज. पहिल्या अर्जावर कुठली कचेरी हलली आहे? बारनिशीच्या वहीत नोंद होते आणि कागद पडून राहतो. मग दुसरा अर्ज, तिसरा अर्ज, मग स्मरणपत्रं. चौदाव्या स्मरणपत्राला वरचे साहेब गरजतात – कोण आहे हा? – आणि सगळे धावत सुटतात. डॉक्टरांना हे सांगितलं. म्हणाले, 'इतकं चांगलं मलाही सांगता आलं नसतं.' बहुतेक थट्टा केली.

९ डिसेंबर

पाणी प्यालो. पोटावर टोचलं तिथं तिथं लाल, गरम, सुजलेलं. डॉक्टर म्हणतात, उत्तम, शरीर कामाला लागलं! आमच्याकडेही काम सुरू होण्याआधी नुसता आरडाओरडाच असतो.

१० डिसेंबर

कुत्र्याला नाव ठेवलं – पुरावा. गोदाला आवडलं नाही. 'हे काय कुत्र्याचं नाव?' पण आहेच तो पुरावा. त्याच्या जिवावर माझा जीव. सकाळी उठलो की आधी देवाला नमस्कार, मग पुराव्याची तब्येत. भाकरी खाल्ली का, पाणी प्यालं का, आवाज बसला का, लाळ गळते का – चार रकाने आखून घेतले आहेत. आत्या रोज त्याची दृष्ट काढते. ज्यानं मला फाडलं त्याची दृष्ट! मला तिखट, त्याला दूध-भाकरी.

गुन्हेगार असून वागणूक फार चांगली आहे. आज माझ्या पायाशी येऊन झोपला. मला चावल्याचं त्याला काही आठवत असेलसं दिसत नाही.

११ डिसेंबर

कुंडलिकच्या तोंडावर देवीचे वण आहेत. आज त्यानं डॉक्टरांना अडवलं. 'मला ल्हानपनी देवी आल्या व्हत्या. आई म्हनायची, आता तुला काय बी व्हायाचं न्हाय. मग ही सुई कशापायी?' डॉक्टर म्हणाले, आईचं निम्मं खरं. देवी तुला पुन्हा येणार नाहीत, ती ओळख शरीर सहसा विसरत नाही. पण ती ओळख या विषाला चालायची नाही.

कुंडलिकला कळेना. मग मी समजावलं – 'हे बघा कुंडलिकराव, प्रत्येक आरोपीची फाईल वेगळी. जमिनीच्या फायलीत खुनाचा कागद सापडेल का?'

'आमच्याकडं जमिनीपायीच खून व्हत्यात की सायेब.'

पुढे समजावणं सोडून दिलं.

१२ डिसेंबर

पाणी प्यालो. सातवी सुई. निम्मं झालं.

१३ डिसेंबर

दत्तजयंती. घरी पुरणाचा नैवेद्य.

दवाखान्यात कुंडलिक गाठोडं बांधून तयार! 'रानात ज्वारी हुबी हाय. राखनीला कोन न्हाय. पाखरं समदी कणसं खात्यात सायेब. बास झाल्या सुया. मी जातो गाडीनं.' मला राग आला. त्याचं कार्ड त्याच्यासमोर धरलं. म्हटलं, 'सात भरले, सात रिकामे. हे असं घेऊन गावाला जाणार? एकदा सुरू केलेला कागद पुरा झाल्याशिवाय मिटवायचा नसतो. माणसाला काही रीत आहे की नाही?' बिचारा गाठोडं ठेवून मुकाट्यानं पोट उघडं करून बसला.

स्वतःवर खूष आहे.

१४ डिसेंबर

पुराव्यानं भाकरीला तोंड लावलं नाही!

दुधालाही नाही. कोपऱ्यात पडून. हाक मारली तर एक डोळा उघडला आणि मिटला. संपलं सगळं. गोदाला म्हटलं, कपाटाच्या किल्ल्या कुठं असतात ते सांगून ठेवतो. म्हणाली, किल्ल्या माझ्याच कमरेला असतात.

घसा आवळल्यासारखा वाटायला लागला. तांब्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच पाण्याची भीती वाटली. खरोखर वाटली. गोदानं तांब्या माझ्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. 'प्या.' प्यालो. ठसका लागला. ते बघून आत्या हमसाहमशी रडायला लागली आणि रडता रडता कबूल झाली – काल नैवेद्याच्या पोळ्या तिनं पुराव्याला घातल्या. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, म्हणून. किती घातल्या? 'मोजल्या नाहीत रे चिंतू. आठ असतील. तूप वाढून.'

आठ! मला दोन मिळाल्या होत्या.

संध्याकाळी पुराव्यानं लांबलचक आळस दिला आणि दोन भाकऱ्या संपवल्या. नववी सुई आज मुळीच दुखली नाही.

१५ डिसेंबर

बांधल्यापासून दहा दिवस पुरे! पुराव्याला दोरी लावून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तोंड पाहिलं, डोळे पाहिले, पुराव्यानं त्यांचा हात चाटला. 'ठणठणीत आहे. हा पिसाळलेला असता तर आज दिसला नसता. चिंतामणराव, आजची दहावी शेवटची. सुटलात!'

मी डॉक्टरांना वाकून नमस्कार केला. पुराव्यालाही करणार होतो.

एवढ्यात मागून कुंडलिक – 'मग तुमचं चार रकानं?'

डॉक्टर म्हणाले, अरे, त्यांना आता गरज नाही. कुंडलिक म्हणाला, 'मग मला बी न्हाय. सायेबच म्हनलं व्हतं, कागद पुरा झाल्याबिगर मिटवायचा न्हाय. सायेबाचा मिटला तर माझा बी मिटला.' आणि गाठोडं उचललं!

मी कार्डाकडे पाहिलं. चार पांढरे रकाने. डॉक्टरांना म्हटलं, यांवर आडवी रेघ मारून 'आवश्यकता नाही' असं लिहून सही द्या. म्हणाले, कशाला, फेकून द्या ते कार्ड. फेकून द्या! मग उरलेल्या चार कुप्यांचं काय? 'ओतून टाकायच्या.' सरकारी माल, माझ्या नावानं मुंबईहून आलेला – मोरीत!

इकडे कुंडलिक दारापर्यंत पोचला होता.

मी विचारलं, 'डॉक्टर, उद्या किती वाजता येऊ?'

१६ डिसेंबर

अकरावी. गोदा सकाळपासून बोलत नव्हती. दुपारी बोलली. 'कुत्रं धडधाकट, माणूस धडधाकट, आणि हे पोट पुढे करून निघाले! रकाने भरायचे म्हणून! उद्या कुणी फाशीचा फॉर्म दिला तर तोही भराल.' आत्यासुद्धा तिच्या बाजूनं. कचेरीत बातमी पोचली आहे. आमच्या वरिष्ठ रावसाहेबांनी हसून हसून डोळे पुसले. मायाप्पा तोंड फिरवून हसतो.

१७ डिसेंबर

बारावी. पोटावर जागा उरली नाही. डॉक्टर शोधत बसले. आपण मूर्ख आहोत असं आज मलाही वाटलं.

१९ डिसेंबर

चौदावी! रकाने पुरे. दोघांचेही.

कुंडलिकनं जाताना पंच्यात बांधलेला हुरडा हातात ठेवला. गावाहून येणाऱ्या कुणाकडून तरी मागवला होता. म्हणाला, 'तुमाला गरज नसताना तुमी चार सुया खाल्ल्या. माज्यापायी. मी कुनाला सांगितलं तर खरं वाटायचं न्हाय.' त्याच्यापायी किती आणि रकान्यांपायी किती, ते मला सांगता येईना. डोळे भरून आले. टांगा वळेपर्यंत उभा होतो.

२० डिसेंबर

पाणी प्यालो. आता ही नोंद बंद.

पुरावा परत केला पाहिजे. कुणाचा तरी असेल. गोदाला नको आहे. मलाही नको आहे. पण दुसऱ्याचा माल ठेवून घ्यायचा नाही. नाताळच्या सुट्टीत बाळ्याला नेतो.

२५ डिसेंबर

देवळामागं राहणाऱ्या बजाबाईनं पुराव्याला पाहिलं आणि 'वाघ्या!' म्हणून पोटाशी धरलं. 'कचेरीचा मानूस घिऊन गेला, म्हनून गप बसले बगा.' मी म्हटलं, हा मला षष्ठीला चावला. 'ह्यो? जत्रंत गाडीखाली येईल म्हनून सष्टीला मी ह्याला दिसभर घरात बांधून घातला व्हता! भंडारा? त्या दिशी गावातल्या समद्या कुत्र्यांना लावत्यात की. बाकीच्यांचा जातो. ह्याला मी रोज लावते.' मग माझ्या पोटरीकडे बघत थांबली. 'तुमाला ह्याचा भाऊ चावला आसंल. त्यो तवाच पिसाळला. चार दिसांनी ओढ्याकडंला लाळ गाळत मेला.'

पंचनाम्यावर सही माझी आहे.

घरी येऊन गोदाला सांगितलं. तिनं कार्ड मागून घेतलं, एकेका सहीवर बोट ठेवून चौदा मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग तांब्याभर पाणी आणलं आणि मी ते सगळं पिऊन संपवेपर्यंत समोरून हलली नाही.